पंचेचाळीसची बाजू

आप्पा, आज कंपनीत तुमच्या पंचेचाळीसचा निकाल लागायचा होता, आणि तो लावायला तुमच्या लेकीलाच बसवलं होतं. चाकणला आमच्याकडे पिस्तुलाच्या काडतुसांच्या पितळी केस, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, बनतात. नऊ मिलिमीटरच्या दोन लाइनी, आणि कोपऱ्यात पंचेचाळीसची, म्हणजे पॉइंट पंचेचाळीस इंचाची, एक, तिच्यावर सहा माणसं. ती बंद करून तिथेही नऊच घ्यावी, असं वरच्यांच्या मनात होतं आणि क्वालिटीची प्रमुख म्हणून माझं मत लेखी हवं होतं. "मॅडम, शंभर वर्षांपूर्वीचा माल हाय तो, म्युझियमला देऊन टाका," प्लॅनिंगवाला म्हणाला. मीही हसले. तुमच्याशी भांडताना मी तरी वेगळं काय म्हणायचे?

चिंचवडच्या स्वयंपाकघरातला तो रविवार आठवतो. आई पोळ्या लाटतेय. तुम्ही परातीतला कणकेचा गोळा उचलता, त्यात आधी करंगळी खुपसता, मग अंगठा. "ही तुजी नऊ, ही माजी पंचेचाळीस. भोक कुणाचं मोठं?" मी म्हणते, "पण आप्पा, पिस्तुलात तुमच्या सातच गोळ्या बसतात, माझ्या पंधरा. शिवाय धक्का कमी, नवशिक्यालाही जमते." तुम्ही म्हणता, "पैली लागली तर पंधरा कशाला लागत्यात?" आई कणीक हिसकावून घेते, "आधी पोळ्या होऊ द्या, मग माणसं मारा." तुम्ही हट्टी, आणि मी तुमच्यावरच गेलेली. त्या दिवशी आमटी गार होईपर्यंत आपण भांडलो.

त्याच्याही आधी मी तुमच्याच काडतुसांच्या कारखान्यात, तुमच्याच खात्यात शिकाऊ होते. घरी आप्पा, खात्यात साहेब. टूलरूममध्ये पहिला धडा मिळाला होता की कुठल्याही जॉबची, म्हणजे घडवलेल्या तुकड्याची, धारदार कड ठेवायची नाही. म्हणून मी मोठ्या हौसेनं पंचेचाळीसच्या ट्रेभर केसांची तोंडं घासून छान गोल केली. तुम्ही एक उचललीत, कडेवरून नख फिरवलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "आगं, नळीत ती ह्या कडेवरच टेकती. तीच न्हाई ठेवली तर थांबल कुठं? हात चालवायच्या आधी काम समजून घ्यावं." ट्रे भंगारात गेला. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण तेव्हापासून समजून घेतल्याशिवाय मी कशावरही सही केलेली नाही.

म्हणून या वेळीही आठ दिवस कागद काढले, चाचण्या पाहिल्या. नऊ स्वस्त, हलकी. आताच्या गोळ्या आत जाऊन फुलतात, त्यामुळे तुमच्या अंगठ्याचा मुद्दा बराचसा निकालात निघालाय, आप्पा. अहवालात पोलिसाच्या कमरेला मी नऊच लावली. पण तुमची गोळी जड, सावकाश जाणारी. न फुलताही तिचं भोक मोठंच. उडताना आतल्या दारूचा दाब नऊपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून पितळेवर ताण कमी, आणि परदेशातले हौशी नेमबाज तीच केस नवी दारू-गोळी घालून पुन्हा पुन्हा भरून वापरतात. त्यांच्या ऑर्डरी लहान, पण चुकत नाहीत. लाइन चालू ठेवावी, असं मी लिहिलं. कंपनीच्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ठीक, चालू द्या." चारच्या चहाला त्या सहा जणांनी खात्यात भेळ वाटली. मी पोटभर खाल्ली. आज फार बरं वाटतंय.

तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात कुणाला दाखवायचा विचारही नाही. पण एक सांगून टाकते. दाबाचं, पितळेचं, पुन्हा भरण्याचं हे सगळं तुम्ही दर रविवारी मला सांगायचात आणि मी ऐकतच नाही असं दाखवायचे. आठ दिवसांत मी फक्त तुमचं बोलणं ताडून पाहिलं. ते तंतोतंत जुळलं. कागदावर मात्र वर 'माझे मत' असं लिहिलंय. साहेब म्हणाले, "केवढा अभ्यास आहे मॅडम तुमचा!" मी थँक्यू म्हणाले, आप्पा. तुमचं नाव घेतलं नाही.