पहिली खुर्ची बाईंची

५ डिसेंबर
आले एकदाची हिनोकुराला, नवऱ्याच्या डोंगरातल्या गावी! चिबा शहरातल्या दुकानातल्या मैत्रिणींनी निघताना चिडवलं होतं, की अख्खा हिवाळा बर्फात मुरून सायोचं लोणचं होणार. होऊ दे. नवऱ्याच्या, तोशिहारुच्या बरणीत मुरायला माझी हरकत नाही.

आमची खोली स्कीच्या तिकीटखिडकीवर आहे. पडदा सारला की समोर उतार आणि डोंगरात चढत गेलेली लिफ्ट. तारेला टांगलेल्या दोन-दोन माणसांच्या खुर्च्या, सगळ्या नव्याने पिवळ्या रंगवलेल्या, फक्त एक लाल. गावची ही लिफ्ट किती वर्षं गंजत पडली होती. तोशिहारु नोकरी सोडून ती पुन्हा सुरू करायला आला, आणि लग्नाची बायको म्हणून मीही आले.

उपाहारगृहाच्या फुमिए काकूंनी गरम मिसो सूप पाजलं. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, की पोरी, दिसतेस गोड, पण ही ओठांची लाली लावून वर जाऊ नकोस हो, बाईंना खपायचं नाही. बाई म्हणजे डोंगराची देवी. रूपाने बेताची, आणि देखणी बाई दिसली की तिच्या अंगाचा तिळपापड होतो म्हणे. मी सौंदर्यप्रसाधनं विकून पोट भरलेली बाई. म्हटलं, अशा गिऱ्हाइकांची मला सवय आहे. काकू पोट धरून हसल्या.

८ डिसेंबर
ती लाल खुर्ची बाईंची. रोज चाचणीला लिफ्ट सुरू केली की पहिली तीच रिकामी वर जाते, आणि तिच्यावर पांढऱ्या कागदात गुंडाळलेला एक वाळका मासा ठेवतात. ओकोझे. वाकडं तोंड, अंगभर काटे, जन्मात असा कुरूप मासा पाहिला नव्हता. त्याला पाहिलं की देवीला बरं वाटतं, आपल्याहून वाईट दिसणारं कुणीतरी आहे म्हणून. कागदाचा फक्त कोपरा उघडा ठेवायचा. भरपूर बर्फ दे, मग हंगाम संपला की सगळा दाखवतो, असं तिला सांगायचं. खुर्ची फेरी मारून खाली आली की मासा परत खिशात.

हे सगळं ऐकायला मजा आली. पण मासा तोशिहारु जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो, छातीशी. चिबात त्या खिशात माझा फोटो असायचा. फोटो कुठे गेला विचारलं, तर म्हणाला, बॅगेत असेल कुठेतरी.

१२ डिसेंबर
आज बाईंचा सण. पुरुष साकेच्या बाटल्या घेऊन वर गेले, आम्ही बायका खाली भाताचे गोळे वळत बसलो. आजच्या दिवशी बायकांनी डोंगरात पाऊल टाकायचं नाही. दुपारी बर्फ सुरू झाला आणि सगळं गाव रस्त्यावर आलं. तोशिहारु उताराच्या पायथ्याशी तोंड वर करून उभा होता. पापण्यांवर बर्फ साचला तरी हलेना. हळूच काहीतरी बोलत होता. मी जवळ जाताच गप्प झाला.

लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. माझा जळफळाट होतोय, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. सवत बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. डोंगराच्या काय उपटणार?

१७ डिसेंबर
आज सहज म्हटलं, एकदा लाल खुर्चीत मी बसते, तू शेजारी बस, फोटो काढू. आवाज न चढवणारा माझा नवरा चारचौघांत माझ्यावर खेकसला. लिफ्टचे जुने जाणते इगाराशी काका त्याचीच री ओढत म्हणाले, की सूनबाई, जगात खुर्च्या काय कमी आहेत? सगळे हसले. मीही हसले. मग मोरीत नळ सोडून रडले.

त्यानंतर तो मासा घेऊन चाचणीच्या फेरीला गेला तो शीळ घालत परतला. गाल लाल, डोळ्यांत चमक. माझ्या हातचं जेवण थंड झालं होतं.

१९ डिसेंबर
उद्घाटन झालं. आणि मी ते केलं!

सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा खिशातली पुडी सोडली. मासा उपाहारगृहाच्या शेगडीत टाकला. काकू नाक मुरडून विचारत होत्या, की काय जळतंय गं? कागदात मी माझा गोल आरसा ठेवला, घड्या होत्या तशाच घातल्या. म्हटलं, बघ बाई एकदा स्वतःचं तोंड.

लाल खुर्ची वर गेली. मागोमाग पोरंसोरं, म्हातारे, शेजारच्या गावचे लोक. करी-भात दुपारीच संपला. तोशिहारुने आनंदाने मला उचलून घेतलं. किती दिवसांनी.

लाल खुर्ची खाली आली तेव्हा पुडी तशीच होती, पण रिकामी. कावळ्याने मासा नेला असेल, असं सगळ्यांचं म्हणणं. इगाराशी काकांचं तोंड मात्र उतरलं. खुर्चीवरच्या बर्फात एका बाजूला खळगा होता, कुणी बसून उठल्यासारखा.

२१ डिसेंबर
बर्फ थांबतच नाही. घाटरस्ता बंद, त्यामुळे नवा मासा आणता येत नाही. तोशिहारु घरोघरी जुना ओकोझे कुणाकडे आहे का विचारत फिरतोय.

माझ्या हातांची कातडी खरखरीत झाली आहे. थंडी बाधली असावी. सगळी मलमं लावून झाली.

जेवताना तोशिहारु लाडात येऊन म्हणाला, की आज वर किती छान दिसत होतीस, पण पुन्हा एकटी येऊ नकोस. गुलाबी जॅकेटमध्ये मला त्याने लिफ्टच्या वरच्या टोकाशी पाहिलं म्हणे.

मी दिवसभर खोलीत होते. जॅकेट खुंटीला आहे.

२३ डिसेंबर
जॅकेट खुंटीला नाही.

काकू सूप घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. विचारलं, तोंडाला काय झालं गं? मग माझ्याकडे न बघता वाडगा खाली ठेवून गेल्या. ओठाचा डावा कोपरा गालात सरकलाय. लाली लावायला गेले तर ओठ सापडेना. पाठीच्या कण्यावर टोचतंय. हात लावला तर रक्त आलं.

तोशिहारुला सांगायचं होतं. मीच मासा जाळला, मीच आरसा ठेवला, मला क्षमा कर. आवाज फुटला नाही. त्याने दिव्याकडे पाठ करूनच विचारलं, की खोलीत हा मासळीचा वास कसला?

२४ डिसेंबर
खिडकीतून पाहिलं. लाल खुर्ची खाली आली. तिच्यात तोशिहारु. आणि शेजारी मी.

माझं जॅकेट. माझे केस. माझा चेहरा, पण माझ्याहून देखणा. हातात माझा गोल आरसा, त्यात बघत ती ओठ पुसत होती. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं आणि हसली. गिऱ्हाइकाला माल पसंत पडल्यावर हसतं तशी.

काकूंनी तिला मिठी मारली. म्हणाल्या असतील, बरी झालीस गं पोरी.

तोशिहारु तिच्याकडे बघत होता. त्या बर्फाकडे बघितलं होतं — तसाच.

२५
बूट ठेवायच्या खोलीत लपलेय. स्वेटर फार मोठा झालाय. बोटं चिकटली. पेन्सिल तोंडात धरून —

वर, की खालच्या मजल्यावर, कुठे ते हसतायत कळत नाही. माझा आवाज आहे. मला कुणी शोधत नाही. मी तर तिथेच आहे ना, त्याच्याजवळ.

पाणी नको वाटतं. कोरडी होत चाललेय.

?
दार उघडलं. तो. मी डोळ्यांनी सांगितलं, तोशि, मी —

त्याला आनंद झाला. किती आनंद! हाक मारून तिला सांगितलं, की सायो, अगं ओकोझे सापडला, इथे बुटांमागे पडला होता, इगाराशी काकांना सांग. ती वरून म्हणाली, की नीट गुंडाळ हं, कोपरा तेवढा उघडा ठेव.

कागद आणायला गेलाय. लिफ्टची घरघर सुरू झाली.

मला आतल्या खिशात ठेवील. छातीशी. ती जागा माझी होती, माझा फोटो होता तिथे, तिला नाही मिळाली ती, मला — कागद चुरचुरतोय — पण खुर्चीत शेजारी ती बसेल, आणि कोपऱ्यातून मला दिसेल, तो तिच्याकडे कसा ब