पोते टाकून पळाला

हमरापूर आदिवासीवाडी, ता. पेण
शुक्रवार, ११ जुलै २०२५

प्रिय पारीताय हिला कान्हूचा नमस्कार.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा सुजला आहे, तरी लावणीला जाते. रोह्याला पाऊस कसा आहे? फोन करणार होतो, पण फोन भावजींकडे असतो. त्यांनी आधी ऐकायला नको. पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून वाडीतली नम्रता उद्या रोह्याला येते आहे, तिच्या हाती पत्र देतो. पाकीट चिकटवले आहे, फोडलेले दिसले तर कळव. अक्षर मोठे काढले आहे, तू स्वतः वाच.

तुला सांगायचे राहिले, मी पोलीस मित्र झालो. गस्तीसाठी विजेवरच्या दोन सायकली आल्या आहेत. एक हवालदारसाहेबांची, एक माझी. आठवीपर्यंतच शिकलो, पण अक्षर चांगले, म्हणून गस्तीची वही माझ्याकडे. पहिल्या दिवशी शेजारचा काळुराम म्हणाला, "इजंची सायकल हाय ना रं, मंग पाय कशाला हलवतोस, साहेब?" वाडी हसली, मीही हसलो. आता मी आलो की बोलणे थांबते.

माधवरावांच्या मूर्तींच्या कारखान्यातून रंग फवारायचा कॉम्प्रेसर चोरीला गेला. तेव्हापासून मी प्रत्येकाकडे बघतो. कोणाच्या हाताला रंग, कोणाचे दार दिवसा बंद. भावजी त्याच कारखान्यात कामाला आणि आपल्याच घरी जेवायला. त्यांच्या पिशवीकडेही बघायचो.

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला कारखान्यामागच्या बांधावर एक माणूस दिसला. खांद्यावर पोते. सायकलीला आवाज नाही, त्यामुळे आम्ही पाठीशी पोचलो तेव्हा त्याला कळले. त्याने वळून पाहिले, पोते टाकले आणि शेतातून पळाला. साहेब मागे धावले ते चिखलात रुतले. परत येऊन म्हणाले, "ओळखीचा असेल तर नाव लिही. नसेल तर अनोळखी लिही."

ताय, मी नाव लिहिले. भरत काळू हिलम, रोह्याच्या पत्त्यासह. पुढे 'पोते टाकून पळाला' असेही लिहिले. काना-मात्रा एकही चुकला नाही.

अचानक घरी का आले, ते भावजींनी तुला सांगितले नसेल. म्हणून मी सांगतो.

पोते बांधाखालच्या ओढ्यात पडले होते, त्या संध्याकाळी पाणी जास्त म्हणून तिथेच राहिले. बुधवारी मी एकटा जाऊन काढले. आत मुठे होते, बांधावर धरतो ते खेकडे. अर्धे मेले होते. आईने कालवणाला मागितले होते.

खाकी दिसली म्हणून भावजी पळाले. बाबा काय सांगायचा? "गाडी वाजली का आधी पलायचा, मंग इचारायचा." गावात काही हरवले की जीप आपल्याच वाडीत यायची, आणि आपण दोघे करवंदीच्या जाळीत बसायचो. हे साहेबांना माहीत नाही. मला माहीत होते. तरी लिहिले.

काल साहेबांना मुठ्यांचे सांगितले. ते म्हणाले, "मुठेच होते, तर पळाला कशाला?" उत्तर तोंडात होते. पण दिले असते तर त्यांनी विचारले असते, तू किती वेळा पळालास? मी सायकल पुसायला घेतली.

रविवारी सकाळी साहेब तुझ्याकडे येणार आहेत. ओळख पटवायला मला बरोबर नेणार. दारात खाकी पाहून भावजी पुन्हा पळाले की कोणी माझे ऐकणार नाही. त्यांना आधी काही सांगू नकोस. फक्त हात धरून जवळ बसव आणि सोडू नकोस. काल जे बोललो नाही ते मी तुझ्या अंगणात सगळ्यांसमोर बोलेन, माझ्या पळण्यासकट.

एक विचारतो, रागावू नकोस. घरात कॉम्प्रेसर नाही ना? हे वाक्य लिहून बराच वेळ बघत बसलो. खोडले नाही.

शिव्या रविवारनंतर दे. आधी त्यांना धर.

तू म्हणू देशील तर तुझा भाऊ,
कान्हू