वरच्या सप्तकाचा तक्ता

ता. ३ जून

चि. ठमीस, अ. उ. आ.

तुझ्या डब्याचं कुठवर आलं? तळहाताएवढ्या संगणकाने व्होल्टेज सोडायचं आणि त्यावर सिंथेसायझर आपोआप वाजवायचा, हे खूळ तुझ्याच डोक्यातून निघायचं! तुझी वहिनी म्हणते, नणंदबाई घरातला एकही स्क्रू जागेवर राहू द्यायच्या नाहीत.

एक विचारायचं होतं. आमच्या वाद्यांच्या कारखान्यातही तसाच डबा बनवलाय. खालचे स्वर चोख लागतात, वरच्या सप्तकात मात्र सगळे चढे. कुठलाही सिंथेसायझर जोडा, तेच. सगळे डोकं धरून बसलेत. महिनाअखेरीस लोकांसमोर वाजवून दाखवायचंय, तेव्हा लगेच कळव.

माया आहेच, ती उत्तरात दिसू दे.

तुझा दादा

ता. ८ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी माझा प्रोग्रॅम उघडून पाहिला.

एका सप्तकाला एक व्होल्ट, हा साधा हिशेब. पण माझा जुना सिंथेसायझर वरच्या सप्तकात उतरतो, म्हणून तिथल्या प्रत्येक स्वराला मी किंचित जास्त व्होल्टेज देते. तीन आठवडे कानाने जुळवून तो तक्ता केलाय. धडधाकट वाद्याला तो लावला की स्वर चढणारच. आणि तो तक्ता फक्त माझ्या डब्यातल्या मेमरी कार्डावर आहे, दादा.

मागे आलास तेव्हा मी चहा टाकायला आत गेले होते. बाहेर आले तर म्हणालास की हे काही जमायचं नाही, सोडून दे. मी चार दिवस डब्याला हात लावला नव्हता. मी चहा घेऊन येईपर्यंत तू त्या कार्डाची नक्कल उतरवून घेतली होतीस ना? मला फार लागलंय.

वहिनीला नमस्कार.

ठमी

ता. १२ जून

चि. ठमीस, अ. आ.

रागावू नकोस ग. वर्षभर माझ्या हातून नवं काही निघालं नव्हतं, मालक उठताबसता टोमणे मारायचे. तुझं काम दाखवलं, त्यांना ते माझंच वाटलं आणि मी गप्प बसलो. आता डब्यावर माझं नाव छापूनही झालंय. घरातलंच आहे ना सगळं? एवढ्या वेळी सांभाळून घे.

लहान आहेस, पण मन मोठं कर.

दादा

ता. १६ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

प्रोग्रॅममधली कुठली ओळ पुसायची ते सोबतच्या कागदावर लिहिलंय. तेवढी पुसली की स्वर जागेवर येतील. वाजवणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय? डब्यावरचं नाव मागायला मी येणार नाही. मालकांना खरं सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ.

शाळेत असल्यापासून कुठलंही काम अर्धवट असताना मी फक्त तुला दाखवत आले. तू हसायचास, चिडवायचास, तरी तुलाच. आता नवं काहीतरी सुरू केलंय. पुरं झालं की चारचौघांबरोबर तुलाही कळेल.

ठमी