बाई का आल्या नाहीत

नगर,
२१ जानेवारी २०२५

प्रिय जया,

अनेक आशीर्वाद. तू, तुझे मालक आणि लेक, तिघंही खुशाल असाल. कोपरगावला थंडी कशी आहे? इथे सकाळी हात आखडतात. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता पेपर स्वतः वाचतात, त्यामुळे माझं एक काम कमी झालं. दुसरं गेल्या मे महिन्यातच संपलं, मी कॉलेजातून निवृत्त झाले.

तुझा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मॅडम, वळखलं का? जया बोलतेय, पाथर्डीची. अकरावीला हुते तुमच्याकडं." तू नुसतं 'मॅडम' म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं होतं. तू वसतिगृहात स्वयंपाकाला आहेस, लेक आठवीत आहे, शाळेत तिला कथेचे घटक लिहून आणायला सांगितलेत, आणि आईने कधी काळी एक कथा लिहिली होती यावर तिचा विश्वास बसत नाही, हे सगळं तू हसत सांगितलंस. "तुमच्याकडं हाय का वो ती? चार-पाच पानं हुती." मी म्हणाले, शोधते.

शोधायची गरज नव्हती. पंधरा वर्षांत ती कथा माझ्या नजरेआड झालेली नाही. का, ते पुढे लिहिते. आधी तुझ्या लेकीच्या अभ्यासाचं.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं: कथानक, पात्रं, वातावरण, संवाद, संघर्ष, शेवट. तुझी कथा नाव न सांगता वाचून दाखवली, पण तू मान खाली घातलीस आणि सगळ्या वर्गाला कळलं. कथानक साधं होतं. एका मुलीचं लग्न ठरतं. ती शाळेतल्या बाईंना म्हणते, घरी येऊन वडलांशी बोला. बाई म्हणतात, रविवारी येते. रविवारी मुलगी अंगण सारवते, शेजारच्या घरातून दोन कपबशा मागून आणते, फाट्यापर्यंत दोनदा जाऊन येते. बाई येत नाहीत. दिवस मावळायच्या आत मुलगी कपबशा परत देऊन येते. बस, एवढंच.

वातावरणाचं मी खूप कौतुक केलं. सारवलेलं अंगण वाळताना कडेपासून कसं पांढरं होत जातं ते तू लिहिलं होतंस. एवढं बारीक मी तरी पाहिलं नव्हतं. मग पात्रांवर आले. म्हणाले, "मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते, बाई राहत नाही. तिच्या न येण्याला काही कारणच दिलेलं नाही. वाचकाला हे पटत नाही."

तू उठून उभी राहिलीस. "मग मॅडम, बाई का आल्या नसत्याल?"

"ते लेखकाने सांगायचं असतं."

"आन् लेखकालाच म्हाईत नसलं तर?"

वर्ग हसला. मीही हसले. "तर कथा अपुरी राहते," असं म्हणाले आणि फळा पुसला. तुझ्या शेवटच्या पानावर लाल शाईने तोच शब्द लिहिला होता. चार दिवसांनी तुझं लग्न झालं. तू पुन्हा कॉलेजात आली नाहीस.

मी तेव्हा कामाच्या गडबडीत होते. साठ मुलांच्या कथा तपासायच्या होत्या. तुझी कथा मी कथा म्हणूनच वाचली, त्यामागे घरचं काही असेल हे ध्यानात आलं नाही.

हे वरचं लिहून मी उठले, ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, परत येऊन वाचलं. खोटं आहे, जया. खोडत नाही, राहू दे. पण खोटं आहे.

कथा दिलीस त्याच्या दहा-बारा दिवस आधी तू स्टाफरूमच्या दारात उभी होतीस. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "मॅडम, माझं लगीन धरलंय. साखर कारखाने सुरू व्हायच्या आत उरकायचं म्हणत्यात. नवरा-बायकोची जोडी असली की मुकादम ऊसतोडीला लगीच घेतो ना. तुमी दादांशी बोलता का एकदा? तुमचं ऐकतील ते." तू सोळा वर्षांची होतीस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "रविवारी येते. काळजी करू नकोस."

म्हणजे तू काही रचलंच नव्हतंस. मी मात्र साठ जणांसमोर त्याला कल्पना ठरवलं. तपासताना दुसऱ्या ओळीलाच मला कळलं होतं. वर्गात वाचताना माझा आवाज चढला होता, आठवतं का तुला? तो भीतीने चढला होता.

आणि मी आले होते. हे तुला माहीत नाही. घरात ह्यांनासुद्धा माहीत नाही.

दुपारच्या एसटीने मी तुमच्या फाट्यावर उतरले. तू त्याआधी येऊन गेली असशील, किंवा नंतर. टपरीवर तुझे चुलते रामहरीअण्णा बसले होते. आपल्या संस्थेच्या कमिटीवर होते ते. मला पाहून उठले, बाक पुसायला लावला, चहा सांगितला.

"मॅडम, इकडं कुठं वाट चुकला?"

मी म्हणाले, "जयाच्या घरी निघाले होते. हुशार मुलगी आहे."

"हाय ना. आमचीच हाय." ते अगदी मऊ आवाजात बोलत होते. "पोरींचं आमी बघतो, मॅडम. तुमी शिकवायचं बघा. तुमची नेमणुकीची ऑर्डर दर वर्साला नवी काढावी लागती, न्हाई का?"

मी चहा संपवला. परतीची गाडी आली. त्यांनीच हात करून ती थांबवली आणि मी चढले. तुमचं घर तिथून दीड किलोमीटर होतं.

माझं आडनाव शेख. तुमच्या वाडीत जाऊन मी ठरलेलं लग्न मोडलं असतं तर लोकांनी काय काय जोडलं असतं, असंही मी पुढे स्वतःला सांगितलं. ते अगदीच खोटं नाही. पण ते कारण मला नंतर सुचलं. टपरीवर बसले होते तेव्हा डोक्यात फक्त नोकरी होती. पोलिसांना एक फोन करता आला असता, तहसीलला साधा अर्ज देता आला असता, नाव न घालतासुद्धा. केला नाही. ती ऑर्डर पुढच्या जूनला संपलीच. पुन्हा काढली नाही त्यांनी.

नंतर नगरच्या कॉलेजात लागले. तिथे कथेचे घटक शिकवायला नमुना म्हणून मी तुझीच कथा वापरत आले. तुझं नाव न घालता, झेरॉक्स काढून, दर वर्षी. आणि शेवट बदलून. माझ्या प्रतीत ऊन कलताना बाई अंगणात येतात, वडील उठून उभे राहतात, मुलगी चहा ओतते. पोरांना तो शेवट आवडायचा. एकदा एका मुलाने सांगितलं, "मॅडम, शेवट चिकटवल्यासारखा वाटतो." त्याला मी गप्प बसवलं.

सहा हंगाम ऊस तोडला, असं तू फोनवर सहज बोलून गेलीस. तिसऱ्या हंगामात मोळी डोक्यावर असताना पडलीस, तेव्हापासून कंबर धरते, हेही सहजच. मी विचारलं, पुढे काही लिहिलंस का. तू म्हणालीस, "कुठलं वो मॅडम, हिशोबापुरतं."

मला माफ कर, असं लिहून तुझ्यावर आणखी एक काम टाकायचं नाही. तू फोन ठेवताना "या एकदा कोपरगावला" म्हणालीस, त्यावर मी या वेळी तारीख सांगणार नाही. तू हे वाचून पुन्हा बोलावलंस तरच येईन.

सोबत तुझी मूळ पानं पाठवते आहे, पाचही. माझी लाल शाई तशीच आहे. ती पुसत नाही. लेकीला सांग, पात्र पटत नाही हे त्या शिक्षिकेचं मत चुकीचं होतं. आणि तू त्या बाईला नाव दिलं नव्हतंस, माझी लाज राखायला असेल. ती आता राखू नकोस. लेकीने विचारलं तर सांग, बाईचं नाव

मेहताब फैयाज शेख