शेवटच्या ट्रकमधली जागा

प्रिय ओफेलिया,

काल लोमा क्लाराला जाऊन आले. युद्धात उठलेलं आपलं गाव ओसच आहे. चर्चला छप्पर नाही, आत पेरू वाढलाय.

तुला वाटतं, तुझी आई, माझी मावशी, हट्टाने मागे राहिली. तसं नव्हतं गं. शेवटच्या ट्रकमध्ये एकच जागा उरली होती, तिथे मी संत रीताची मूर्ती बसवली. नन्सनी शिकवलं होतं, आधी देव वाचवावा. मावशी हसली. “बसू दे तिला. तिला चालता येत नाही, मला येतं.”

चालत निघालेली मावशी पोचलीच नाही; नंतर पुलाजवळ मला तिची चप्पल सापडली. ती मी कुणाला दाखवली नाही.

दरवर्षी तू मूर्तीपुढे मेणबत्ती लावून म्हणतेस, “ताई, तुझ्यामुळे संतीण वाचली.” मी कॉफी ओतत राहते.

हे पत्र त्या संतिणीच्याच पायाखाली ठेवतेय, तुझ्या मेणबत्तीपासून वीतभर अंतरावर.

तुझी मावसबहीण,
दोमितिला