कोऱ्या कागदावरचा अंगठा

प्रिय गणपत,

उद्या तुझ्या बडतर्फीवर युनियनने केलेल्या अपिलाची सुनावणी आहे. तू नाहीस, आणि मनातले सांगावे असे गिरणीत मला दुसरे कोणी उरलेले नाही. म्हणून लिहितो.

दोन मागांवर तिसराही घे, असे जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, फर्मावले तेव्हा तू भर खात्यात म्हणालास, "दोन हातांचा माणूस हाओ गा, अष्टभुजा देवी नाही!" सगळे हसले, तो चिडला. हुकूम मोडल्याची तक्रार चौकशीसाठी माझ्या, हेडक्लार्कच्या, टेबलावर आली.

चौकशीला तू घाईतच आलास. "जोडीदार द्या बाबूजी, मंग तिसराबी चालवतो. असं लिहा. पण अंगठा आताच घ्या, माहा माग थांबून राहिला." जबाब लिहिण्याआधी अंगठा घेऊ नये, हे मीच कारकुनांना शिकवत असे. तरी घेतला! तुझी सोय पाहिली, की माझी? अजून ठरत नाही.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी मजकूर सांगितला: 'हुकूम मोडला. कबूल आहे.' तो मी वळणदार अक्षरात तुझ्या अंगठ्याच्या वर लिहिला. कॉलेजात शिकलो ते यासाठी?

त्या कागदावर तुला काढले, त्या दिवशी फाटकाबाहेर तू शिवी दिली असतीस तर बरे झाले असते. "तुमालेबी नोकरी हाये, बाबूजी," एवढेच म्हणालास. इतका समजूतदारपणा करायला तुला कुणी सांगितले होते रे?

आता मी दिसलो की कामगार बोलायचे थांबतात. डबा एकटाच खातो. "काहून बाबूजी, आज वांगं नाही?" असे खिडकीतून कोणी विचारत नाही.

तू तापात गेलास. काल तुझ्या पत्नी भागीरथीबाई आल्या. त्यांना रिळाच्या खात्यात काम हवे आहे. पण बडतर्फ माणसाच्या घरच्यांना गिरणीत घेत नाहीत. तुझा कागद मी वाचून दाखवला. "अंगठा त्यायचाच हाये, साहेब. बोलणं त्यायचं नाही."

गणपत, त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत तुझे खरे शब्द आहेत, जोडीदाराच्या मागणीसकट. उद्या ती वही मी युनियन आणि मॅनेजरसाहेब, दोघांसमोर वाचीन. कागद कोरा होता, हेही सांगेन. मग माझी नोकरी राहो, जावो.

हे पत्र मात्र पुरे लिहून, दोनदा वाचून, मगच खाली सही करतो आहे.

तुझा,
बाबूजी