मागून येणाऱ्याची घंटी

१० जानेवारी १९५५

आज पुन्हा लेट मार्क. आणि तो मीच मांडला! कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून असण्याचा हा एक फायदा — स्वतःच्या नावापुढे लाल खूण स्वतःच करायची. आठ मिनिटे.

कारण लिहायची लाज वाटते. कुळगाव सोडलं तोच पुढे आण्णा मास्तर. छत्री काखेत, रस्त्याच्या मधोमध. चौथीत त्यांच्या हाताखाली होतो. मास्तरांना मागून घंटी वाजवायची? अंगठा हलेना. एकदा खोकलो. मग जरा मोठ्याने खोकलो. त्यांनी मागे न बघताच सांगितलं, "अडुळशाचा काढा घे." उतरलो, आणि नाल्यापर्यंत सायकल हातात धरून त्यांच्यामागून चालत गेलो.

१२ जानेवारी

म्हशींना मी बिनदिक्कत घंटी वाजवतो. म्हशी हलत नाहीत. जे हलतील त्यांना वाजवत नाही. असा कारभार.

१४ जानेवारी

दादाचं वर्ष व्हायचं आहे, त्यामुळे घरात संक्रांत नाही. तिळगुळाऐवजी कोर्टाचं समन्स आलं. १८ फेब्रुवारी, कल्याण.

खटला लॉरीवाल्या बाळाजीवर — हॉर्न न देता मागून येऊन दादाला उडवलं, असा. साक्षीदार मी एकटा. पोलिसांनी ऑक्टोबरात विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, हॉर्न ऐकला नाही. मराठीत, सहीनिशी, सुवाच्य अक्षरात.

वहिनींनी समन्स वाचलं, घडी घालून परत दिलं. "त्याने हॉर्न दिलाच नव्हता ना, भावोजी?"

"नव्हता."

हे त्यांनी चौथ्यांदा विचारलं. मी चौथ्यांदा खोटं बोललो. हॉर्न वाजला होता.

१६ जानेवारी, रविवार

जुनी घंटी गंजली आहे अशी स्वतःची समजूत काढून नवी आणायला उल्हासनगरला गेलो. कॅम्प पाचमध्ये टेकचंद म्हणून एक सिंधी सायकलवाला आहे. त्याने माझी घंटी दाबून बघितली. अर्धी गल्ली वळून बघायला लागली. म्हणाला, "साईं, घंटी तो चालू है. अंगूठे में तेल डालो."

इतका ओशाळलो की तरीही नवी विकत घेतली. आता हँडलवर दोन घंट्या आहेत. एकही वाजत नाही.

परत येताना गल्लीत बायकांनी खाटांवर पापड वाळत घातले होते. मधून अलगद काढू म्हटलं. एक बाई पाठमोऱ्या मागे सरकल्या, मी त्यांना चुकवलं, आणि थेट पापडांवर! बाई सिंधीत पुष्कळ बोलल्या. मला "घंटी" एवढंच कळलं, पण ते सारखं सारखं येत होतं. शेवटी त्यांनी माझं हँडल धरलं, दोन्ही घंट्या स्वतः तीन तीनदा वाजवल्या, आणि मगच मला सोडलं. शाळेत गिरवून घेतात तसं.

१७ जानेवारी

शर्टाला पापडखाराचा वास. लेट नाही. वाटेत कुणीच चालत नव्हतं.

२४ जानेवारी

संध्याकाळी दारात एक बाई. आत येईना. बाळाजीची बायको, विठा. लॉरीमालकाने त्याला काढलंय. तो वीटभट्टीवर जातो, आणि शिक्षा झाली तर तेही गेलं, असं तिने जमिनीकडे बघत सांगितलं. मग वर बघून म्हणाली,

"आमच्या माणसानं हारन मारलेला. तुमी व्हतात ना मागं?"

मी काय केलं? खोकलो! मास्तरांना खोकलो तसाच. एखाद्याला दुसरा आवाजच नसावा!

ती गेली. आतून वहिनींनी विचारलं, कोण होतं. भाजीवाली, म्हणालो. संध्याकाळी सात वाजता.

३० जानेवारी

लिहून टाकतो. इथे तरी.

९ ऑक्टोबर. दादा आणि मी कामावरून येत होतो. दादा पुढे, मी मागे. रोज तसंच. तो रस्त्याच्या मधून चालवत होता. मागून लॉरी आली. हॉर्न दोनदा वाजला, लांबून, स्पष्ट. दादा बाजूला होईना. माझा अंगठा घंटीवर होता.

पण मोठ्या भावाच्या पाठीमागून घंटी वाजवायची, म्हणजे त्याला "बाजूला हो" म्हणायचं. हे आमच्या घरात कुणी केलेलं नाही. मी जन्मात त्याला मोठ्याने हाक मारलेली नाही. म्हटलं, ऐकलंच असेल त्याने. लॉरी बाजूने काढायला उजवीकडे आली, तिसरा हॉर्न झाला, आणि दादा वळला तो उजवीकडे. लॉरीच्याच अंगावर. का, ते मला अजून कळलेलं नाही.

पोलिसांना "वाजला" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग तुम्ही काय केलंत? तो टाळण्यासाठी एका माणसाची नोकरी घालवली. आणि रोज दुसऱ्यांच्या लेट मार्कांना तांबडी शाई लावतो!

७ फेब्रुवारी

आज वाजवली! समोर शेजारच्या कमळाबाई, डोक्यावर धुण्याची बादली. ठरवूनच निघालो होतो. ट्रिंग! त्या दचकून डावीकडे. मी डावीकडे. त्या उजवीकडे. मीही. मग मी गवतात आणि धुणं माझ्यावर.

म्हणाल्या, "मेल्या, नव्हतास वाजवत तेच बरं होतं."

पण वाजवली.

१७ फेब्रुवारी

उद्या कल्याण. वहिनींना आज रात्रीच सांगावं असं दिवसभर म्हणत होतो. आता त्या झोपल्या. बरं झालं, असं वाटलं — म्हणजे बघा.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. "हॉर्न वाजला होता. तीनदा."

सरकारी वकील माझ्याकडे बघतच राहिले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी जुना जबाब वाचून दाखवला, सही माझीच का ते विचारलं. माझीच, म्हणालो. मग तो प्रश्न आलाच. चार महिने ज्याला भीत होतो तो इतक्या साध्या आवाजात विचारतील असं वाटलं नव्हतं.

"मागे तुम्ही होता. तुम्ही काय केलंत?"

"घंटी वाजवली नाही."

"का?"

"मोठा भाऊ होता, साहेब."

कारकुनाने मान वर केली. हे लिहायचं की नाही, त्याला समजेना. मी कारकूनच, मला त्याची अडचण कळली. साहेब म्हणाले, लिहा. त्याने लिहिलं.

खोट्या जबाबाबद्दल साहेबांनी भरपूर सुनावलं. ऐकून घेतलं. बाळाजी पिंजऱ्यात उभा होता, त्याच्याकडे बघवलं नाही. निकाल पुढच्या महिन्यात.

घरी आलो आणि वहिनींना उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, घंटीचंही. त्या चुलीपाशी होत्या. उठून आत गेल्या. भात मी उतरवला. करपला होता.

१९ फेब्रुवारी

बोलणं नाही. डबा मात्र भरून ठेवला होता. हे जास्त कठीण.

२१ फेब्रुवारी

ताट वाढताना वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं. आवाज यायचा, पण कुठून येतो ते कळायचं नाही. कारखान्यात कळलं तर काढून टाकतील, म्हणून कुणाला सांगू दिलं नाही. तुम्हालासुद्धा."

आमटी वाढली. मग म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला मागे ठेवायचे, भावोजी."